मुक्या कामगाराची नाडी

कामगार आजारी पडला तर तो रजा मागतो, आणि ती नाकारली गेली तर युनियनच्या दारी येतो. घोड्याला यांतले काहीच करता येत नाही. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे आजही घोडा माणसे वाहतो. त्याची प्रकृती ताडायची तर आम्हांला त्याच्या अंगावरचे तीन आकडे वाचता आले पाहिजेत : श्वास, नाडी आणि ताप. साहित्य म्हणाल तर सेकंदकाट्याचे घड्याळ, एक थर्मामीटर आणि थोडा धीर.

श्वास आधी मोजावा, आणि तोही हात लावण्यापूर्वी. कारण माणूस जवळ आला की जनावर बुजते आणि हिशेब चुकतो. दोन पावले दूर उभे राहून बरगड्यांमागच्या कुशीकडे पाहावे. कूस एकदा फुगून बसली की एक श्वास झाला. विसावलेला मोठा घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो.

मग नाडी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, गालाखाली, बोटाखाली सरकणारी दोरीसारखी एक रक्तवाहिनी लागते. तिच्यावर दोन-तीन बोटांची टोके हलकेच टेकावीत. अंगठा वापरू नये, त्यात आपलीच नाडी लागते. ३० सेकंदांचे ठोके मोजून दुप्पट करावी. ती २८ ते ४४ असावी. माणसाच्या नाडीची सवय असलेल्याला ती फारच मंद वाटेल. पण एवढ्या मोठ्या देहाची चाल तशीच आहे. शिंगराचे आकडे मात्र याहून पुष्कळ जास्त असतात. त्याला हे माप लावू नये.

ताप गुदद्वारातून घेतात. नेमके मागे उभे राहू नये. डाव्या मांडीलगत, अंगाला चिकटून उभे राहावे, म्हणजे लाथ बसण्याचा धोका कमी. थर्मामीटरला व्हॅसलीन लावावे, आणि तो आत सरकू नये म्हणून दोरी बांधून तिचा चिमटा शेपटीच्या केसांना अडकवावा. ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट हा ठीक आकडा. १०२ च्या वर गेला तर डॉक्टरला कळवावे.

शेवटी ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी व ओलसर असावी. अंगठ्याने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. पोटाच्या दोन्ही बाजूंना कान लावावा. गुडगुड ऐकू येणे चांगले, शांतता वाईट. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. खुराने जमीन उकरणारा, वळून वळून कुशीकडे पाहणारा घोडा उभ्या जागी ६० च्या वर नाडी दाखवू लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

चढण चढून आल्यावर आकडे वाढणारच. पण दहा-पंधरा मिनिटे सावलीत उभा केल्यावर नाडी ६० च्या खाली यावी. न आली तर दुसरी फेरी बंद.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. लगाम धरणारा एक आणि मालक दुसरा, असे पुष्कळदा असते. "घोडा दमलाय" असे मजुराने म्हटले, तर ती सबब ठरते. "पंधरा मिनिटांनंतरही नाडी ७२ आहे" असे म्हटले, तर मालकाला स्वतः बोट लावून पाहावे लागते. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा नोंदवहीतला आकडा जड असतो, हे आम्ही गिरणीच्या दारात शिकलो. तबेल्यातही ते तितकेच खरे आहे. एक फेरी बुडाली तर दिवसाच्या कमाईला खोट येते, घोडा गेला तर पोटच बुडते.

म्हणून तबेल्याच्या दाराशी एक वही टांगावी. घोडा निरोगी असताना आठवडाभर रोज सकाळी, चंदीपूर्वी, त्याचे तिन्ही आकडे लिहावेत. प्रत्येक घोड्याचे नेहमीचे माप थोडे वेगळे असते आणि बिघाड त्यावरूनच लवकर कळतो. आणि श्रोतेहो, पुढच्या वेळी दस्तुरी नाक्यावर भाड्याची घासाघीस करण्याआधी आपणही घोडेवाल्याला विचारावे : आज याची नाडी किती?