अकरावीचे रसायनशास्त्र



दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, "आता पुढे काय?" ज्यांना डॉक्टर, औषधनिर्माता किंवा अभियंता व्हायचे असते, ते विज्ञान शाखेकडे वळतात. विज्ञान शाखा म्हटली की रसायनशास्त्र आलेच. उर्दू माध्यमातील कितीतरी हुशार मुले-मुली नेमकी याच ठिकाणी थबकतात. "कीमिया, आणि तीही इंग्रजीतून? आपल्याला नाही जमणार," असे म्हणून ती दुसरी वाट धरतात. हा विषय खरोखर कोठे कठीण आहे आणि कोठे नुसता कठीण वाटतो, ते आज आपण पाहू.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. अकरावी-बारावीला आपण शाळा म्हणत नाही, 'ज्युनिअर कॉलेज' म्हणतो. असे का? पूर्वी महाराष्ट्रात अकरावीनंतर मॅट्रिकची परीक्षा होत असे. त्यानंतर विद्यार्थी महाविद्यालयात जाऊन एक वर्षाचा विद्यापीठपूर्व वर्ग करत. आपल्या भागात त्याला पी.यू.सी. म्हणत. १९७० च्या दशकात १०+२+३ ही रचना आली आणि महाविद्यालयात शिकवला जाणारा बराचसा भाग अकरावी-बारावीच्या वाट्याला आला. वर्ग मात्र पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयातच राहिले. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय किंवा नांदेडचे यशवंत महाविद्यालय पाहा. अकरावीची मुले आणि बी.एस्सी.ची मुले एकाच फाटकातून आत जातात.

अमेरिकेत याच वयाच्या मुलांसाठी 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाची योजना १९५० च्या दशकापासून आहे. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र शिकायचे, मे महिन्यात परीक्षा द्यायची आणि १ ते ५ यांपैकी गुण मिळवायचे. गुण चांगले असले तर अनेक महाविद्यालये तेवढ्या अभ्यासक्रमाची सूट देतात. तेथे हा विषय ज्याला हवा तो घेतो. आपल्याकडे मात्र डॉक्टर किंवा अभियंता होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हा डोंगर चढावाच लागतो.

मग या रसायनशास्त्रात नवे काय असते? दहावीपर्यंत तुम्ही 'काय होते' हे शिकलात. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. अकरावीत प्रश्न बदलतो. 'किती होते?' असे विचारले जाते. येथूनच आकडेमोड सुरू होते, आणि तिचा पाया म्हणजे 'मोल' ही कल्पना.

मोल समजण्यासाठी लातूरच्या बाजारात जाऊ. तेथील आडतीवर तुरीचे ढीग लागलेले असतात. कोणी दाणे मोजत बसतो का? नाही. तूर काट्यावर तोलतात. पण समजा, दाणे किती आहेत हे कळायलाच हवे. तुरीच्या शंभर दाण्यांचे वजन साधारण १० ग्रॅम भरते. म्हणजे १०० किलोच्या एका क्विंटलमध्ये सुमारे दहा लाख दाणे झाले. एकही दाणा न मोजता, केवळ वजनावरून आपण संख्या काढली.

रसायनशास्त्रज्ञ हेच करतो. अणू आणि रेणू इतके लहान असतात की ते मोजणे अशक्य. म्हणून तो वजन करतो आणि त्यावरून संख्या काढतो. आपण बारा वस्तूंना एक डझन म्हणतो, तसा त्याचा एक मोठा डझन आहे. तोच मोल. ६०२२ हा आकडा लिहून त्यापुढे वीस शून्ये द्या, जवळजवळ तेवढे कण म्हणजे एक मोल. इटलीचे शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रो यांच्या नावाने ही संख्या ओळखली जाते. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या संख्येवरून केली जाते. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम पाणी, चहाचे साडेतीन चमचे. एवढ्याशा पाण्यात एवढे रेणू!

आता खताच्या दुकानात चला. युरियाच्या गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के असे छापलेले असते. हा आकडा आला कोठून? युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. त्यांची अणुवस्तुमाने अनुक्रमे १२, १६, १४ आणि १. बेरीज करा : १२ + १६ + २८ + ४ = ६०. या ६० मध्ये नायट्रोजनचा वाटा २८. टक्केवारी काढली तर ४६.६७ येते. कारखान्यातील माल अगदी शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून गोणीवर ४६. गोणी ४५ किलोची असेल तर तीत युरियाचे सुमारे ७५० मोल आहेत आणि शेताला त्यातून २० किलोंहून थोडा अधिक नायट्रोजन मिळतो. पाहिलेत? अकरावीच्या पहिल्या प्रकरणातील गणित तुम्ही आताच सोडवले, आणि त्याला बेरीज, भागाकार व टक्केवारी यांपलीकडे काही लागले नाही.

म्हणजे गणिताची भीती बरीचशी उगाचच आहे. भाषेची अडचण मात्र खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. तुम्ही शाळेत तेजाब, असास, उनसुर, मुरक्कब, जौहर, सालिमा असे शब्द शिकता. अकरावीत हेच अ‍ॅसिड, बेस, एलिमेंट, कंपाउंड, अ‍ॅटम आणि मॉलिक्यूल होऊन समोर येतात. वस्तू ओळखीच्या असतात, पण नावे बदललेली असतात. त्यातच मराठी आणि हिंदी यांचा घोळ होतो. मराठीत अणू म्हणजे जौहर, तर हिंदीत अणु म्हणजे सालिमा. मराठीत क्षार म्हणजे नमक, तर हिंदीत क्षार म्हणजे अल्कली. दोन्ही भाषा वाचणाऱ्या मुलाने येथे सावध राहावे.

पण इंग्रजीशिवाय रसायनशास्त्र शिकताच येत नाही, असे मात्र समजू नका. नांदेड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी १९१७ सालीच दारुत्तर्जुमा हा भाषांतराचा विभाग उघडण्यात आला होता. पदवीच्या विज्ञानाची पुस्तके तेथे उर्दूत आणली गेली, नवे शब्द घडवले गेले. तुमच्या पुस्तकातील शास्त्रीय शब्दांमागे त्या परंपरेचे मोठे काम आहे. आणि इंग्रजी शब्द तरी सगळे परके कोठे आहेत? 'अल्कली' हा शब्द अरबी 'अल-क़ली'पासून आला, 'अल्कोहोल' हा 'अल-कुहल'पासून.

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. तिच्यात १८० पैकी ४५ प्रश्न रसायनशास्त्राचे असतात. तरीही वर्गात शिकवणे इंग्रजीतून होते, हे लक्षात ठेवूनच तयारी केलेली बरी.

लातूरचे नाव या परीक्षांमुळे दूरवर गेले आहे. पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेण्याची तेथील पद्धत 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. मराठवाड्यातून मुले तेथे आणि नांदेडला येतात, खोली घेतात, मेसचे जेवण जेवतात, खाजगी वर्ग लावतात. त्याचा खर्च सर्वांना झेपत नाही. माझे मत विचाराल तर सरावाला तोड नाही. पण मोल समजलेला नसताना हजार प्रश्न सोडवणे म्हणजे पाठांतरच. आणखी एक. अकरावीची परीक्षा महाविद्यालयच घेते, बोर्ड घेत नाही, म्हणून पुष्कळजण ते वर्ष आरामात घालवतात. बारावीचा आयनिक समतोल आणि विद्युत्‌रसायन मोलवरच उभे आहे. मग बारावीत धावपळ होते.

प्रात्यक्षिकाचा तास चुकवू नका. बारावीच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात. पण गुण बाजूला ठेवा. ब्युरेटमधून आम्लारी थेंबथेंब सोडत असताना खालच्या शंकुपात्रातील रंगहीन आम्ल एका थेंबाने फिकट गुलाबी होते, तो क्षण पाहण्यासारखा असतो. जास्त घाई केली की एकदम गडद गुलाबी होते आणि सारे पुन्हा करावे लागते.

दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंत बराच वेळ हाती असतो. एक वही घ्या, पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी आणि तिसऱ्यात इंग्रजी शब्द लिहा. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतूनच शब्द निवडा, रोज पाच पुरेत. सुरुवात अशी करता येईल : तेजाब, आम्ल, अ‍ॅसिड. उनसुर, मूलद्रव्य, एलिमेंट. मुरक्कब, संयुग, कंपाउंड. आमेज़ा, मिश्रण, मिक्श्चर.