'अनवधान' शब्दाचा अर्थ व उपयोग

इतिहासविषयक लेखनांत 'अनवधानानें', 'नकळत', 'चुकून' व 'गफलतीनें' हे शब्द पुष्कळदां एकमेकांच्या जागीं घातलेले आढळतात. हेतूचा अभाव चौघांसही समान आहे खरा. परंतु दोषाचा निवाडा प्रत्येकाचा निराळा होतो.

'अवधान' म्हणजे चित्त लावणें. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायारंभीं श्रोत्यांकडे मागितलें आहे तें हेंच. त्याचा अभाव तें अनवधान. म्हणजे कर्त्यास गोष्ट ठाऊक असते, त्या क्षणीं लक्ष मात्र नसतें. 'नकळत' शब्दांत ज्ञानच नसतें. 'चुकून' म्हटलें म्हणजे करावयाचें एक व घडलें दुसरें. फारसीच्या द्वारें आलेल्या 'गफलत' ह्या अरबी शब्दांत सावध राहण्याचें कर्तव्य गृहीत आहे. लेखनिकाच्या हातून ओळ गळली तर तें अनवधान. पहारेकरी झोंपला तर ती गफलत.

खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडीचा प्रसंग घेऊं. शायिस्तेखानानें पाठविलेला कारतलबखान फेब्रुवारी १६६१ मध्यें कुरवंड्याच्या घाटानें कोंकणांत उतरूं लागला असतां शिवाजीमहाराजांनीं त्यास चावणीजवळच्या अरण्यांत कोंडिलें. खंडणी कबूल करून खानास परत फिरावें लागलें. 'खान नकळत सांपडला' एवढेंच लिहिणें आम्हांस अपुरें वाटतें. परमुलुखांतील अडचणीच्या वाटेनें फौज नेणें हें त्याचें बुद्धिपुरस्सर कर्म. तींत पुरेशी सावधगिरी न राखणें ही गफलत. दबा मात्र त्याच्या नकळत बसला होता. आणि एकाच्या नकळत जें घडलें तें दुसऱ्यानें पूर्ण विचारांतीं घडविलें होतें. 'नकळत' शब्द एकटा योजिल्यास खानाचा दोष झांकतो व महाराजांची योजनाही लोपते.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. कर्जतहून लोहमार्ग व खोपोलीहून मोटाररस्ता ज्या बोरघाटांत चढतो, तेथें वाहनाच्या अपघातांत मनुष्य दगावल्यास कायदा 'हयगय' होती काय हें पाहतो. तशा मृत्यूस पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेंत दोन वर्षांपर्यंत कारावास होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो सामान्यतः पांच वर्षांपर्यंत आहे.

म्हणून शब्द योजण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासाव्या : हेतु होता काय, ज्ञान होतें काय, आणि सावध राहणें कर्त्याचें कर्तव्य होतें काय. केवळ लक्ष ढळलें असेल तेथेंच 'अनवधान' शोभतें.