तापलेल्या गच्चीखालची खाट

लासलगावच्या परिसरात कांदा साठवताना किती काळजी घेतली जाते, हे आपण जाणताच. चाळ जमिनीपासून उंच, खालून वारा खेळता, वर ऊन अडवणारे छप्पर. घराची सपाट गच्ची मात्र उघडी तापत राहते आणि तिच्याच खाली आजी-आजोबांची खाट असते.

सिमेंटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडते. म्हणूनच वैशाखात बाहेर झुळूक सुटली तरी आत जीव घाबरा होतो. उतारवयात तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास शरीरातले पाणी आणखी घटते. (त्या स्वतःहून बंद करू नयेत, उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.) खोलीतील हवा ४० अंशांपुढे गेली की पंख्याचा आधारही उरत नाही, तो गरम हवाच अंगावर फेकतो.

आपले घर जुने धाब्याचे असेल तर मातीचा जाड थर ऊन उत्तम अडवतो. आमच्या मते तो काढून स्लॅब घालण्याची घाई करू नये. परंतु दरवर्षी माती टाकून त्याचे वजन वाढत जाते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके ओलीने कुजतात. माती झडत असेल, तुळई वाकली असेल, तर पावसाळ्यापूर्वी जाणकाराला दाखवावे आणि तोपर्यंत खाट दुसरीकडे हलवावी.

स्लॅबच्या घरात आधी भेगा बुजवाव्यात, पाण्याचा उतार नीट करावा. गळक्या गच्चीवर कोणताही थर घातला तरी ओल आत कोंडते. त्यानंतरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरा चुना. तो बरेचसे ऊन परतवतो, पण पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी अधिक टिकते. निफाड तालुक्यात मात्र थंडीही कडक असते; काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. पांढरा रंग फक्त ऊन अडवतो, तर उष्णतारोधक फोमचे तक्ते आणि त्यांवर कोबा घातला की दोन्ही ऋतूंत दिलासा मिळतो. खर्च अर्थातच वाढतो आणि भारही. जुन्या स्लॅबला तो पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. खोलीच्या आतून छताला नुसता थर्माकोल चिकटवू नये. तो झटकन पेट घेतो.

हे काम होईपर्यंत गच्चीवर हिरवे शेडनेट हातभर उंच बांधावे, म्हणजे त्याखालून वारा वाहील. ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अंग तापले, ग्लानी आली, तर ओल्या कापडाने अंग पुसत लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी घालू नये.

चुना देण्याचे काम फाल्गुनातच, सकाळी उरकावे. आणि आजोबांनी कितीही आग्रह धरला तरी शिडीवर त्यांना चढू देऊ नये.