स्वस्त मुक्कामाचे गणित : मुंबईतील लॉज, हॉस्टेल आणि काही रूढ गैरसमज

मुंबईत राहायचे तर एकतर खिसा रिकामा करणारे हॉटेल पत्करावे लागते किंवा कळकट लॉजमध्ये रात्र काढावी लागते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी पक्की रुजली आहे की रुग्णालयाच्या, परीक्षेच्या किंवा व्हिसाच्या कामासाठी येणारी अनेक माणसे एका रात्रीसाठी नातेवाइकांच्या दोन खोल्यांच्या घरात संकोचून राहतात, नाहीतर रात्रीच्या गाडीने येऊन रात्रीच्याच गाडीने परततात. वास्तविक बाहेरगावच्या माणसाला परवडेल असा निवारा देणे हा या शहराचा जुना व्यवसाय आहे आणि जुना धर्मही आहे. सी. पी. टँक परिसरातील माधवबाग आणि हिराबाग या धर्मशाळा, तसेच क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह, जेथे लोकमान्य टिळकांचा मुंबईतील मुक्काम असे आणि जेथे १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले, ही त्याच परंपरेतील ठिकाणे होत. गेल्या दहा-बारा वर्षांत या परंपरेत हॉस्टेल, पॉड हॉटेल आणि नव्याने सजवलेली गेस्ट हाऊस यांची भर पडली असून, यांपैकी कोणतेही ठिकाण निवडताना एकच प्रश्न निर्णायक ठरतो : दर कमी ठेवण्यासाठी तेथे नेमके काय कमी केले आहे? जागा, खासगीपणा आणि नोकरवर्ग कमी केला असेल, तर तो रास्त व्यवहार आहे. स्वच्छता, वायुविजन किंवा आगीपासूनची सुरक्षा कमी केली असेल, तर तो मुक्काम कोणत्याही दरात महागच म्हटला पाहिजे.

हॉस्टेल म्हटले की विद्यार्थ्यांचे वसतिगृह किंवा परदेशी तरुणांचा अड्डा असे चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येते. प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलचा उगम मात्र शाळकरी मुलांच्या सहलींत आहे. जर्मनीतील शिक्षक रिचर्ड शिरमान यांना १९०९ मध्ये मुलांच्या पायी सहलीच्या वेळी ही कल्पना सुचली आणि काही वर्षांतच आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह उभे राहिले. भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशनमुळे ही चळवळ गिर्यारोहकांना आणि पदभ्रमण करणाऱ्यांना आधीपासून परिचित होती. आज शहरांत दिसणारी खासगी, देखणी हॉस्टेले त्यानंतरची असून, झोस्टेल या साखळीची सुरुवात २०१३ मध्ये जोधपूरला झाली. हॉस्टेलमध्ये खोली नव्हे, तर डॉर्मिटरीतील, म्हणजे सामाईक शयनकक्षातील, एक पलंग भाड्याने मिळतो. चार ते बारा माणसांच्या कक्षात एकावर एक रचलेले बंक, प्रत्येक बंकला पडदा, दिवा, चार्जिंगचा सॉकेट व खाली लॉकर, मजल्यावर सामाईक स्वच्छतागृहे आणि बसण्याबोलण्यासाठी एक मोठी मोकळी जागा, अशी साधारण रचना असते. मुंबईत जागेचे भाडे हाच निवासव्यवसायाचा सर्वांत मोठा खर्च असल्यामुळे, दोघांच्या खोलीत सहा किंवा आठ जणांची सोय केली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम आपोआप उतरते, आणि त्यासाठी चादरीच्या स्वच्छतेत काटकसर करण्याची गरज पडत नाही. केवळ महिलांसाठी राखीव डॉर्मिटरी अनेक ठिकाणी असते, आणि एकट्याने राहू इच्छिणाऱ्यांसाठी काही हॉस्टेले स्वतंत्र खोल्याही देतात.

देखणेपणाविषयीचा गैरसमज दुहेरी आहे. सुंदर दिसणारी जागा महागच असणार असे काहींना वाटते, तर सुंदर दिसते म्हणजे ती चांगलीच असणार असे इतरांना. प्रत्यक्षात भिंतीवरचे चित्र, पिवळसर प्रकाशाचे दिवे, जुन्या मोझॅक लाद्या घासून काढलेली फरशी आणि चार कुंड्या यांना फारसा पैसा लागत नाही. फोर्ट-कुलाब्यातील जुन्या इमारतींत तर उंच छत आणि मोठ्या खिडक्या मुळातच असतात. सजावट कोठे संपते आणि धोका कोठे सुरू होतो, हे मात्र पाहावे लागते. दिल्लीच्या करोल बागेतील अर्पित पॅलेस या हॉटेलला १२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे लागलेल्या आगीत १७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा मार्गिकांतील लाकडी आच्छादनामुळे आग व धूर वेगाने पसरल्याचे पुढे आले. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला ‘नमुना बी’ म्हणतात, दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोनदा सादर करावयाचे असते. त्याविषयी स्वागतकक्षात विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. कागद दिसला नाही तरी पाहण्यासारख्या गोष्टी आहेत : जिना एकच आहे की दोन, दुसऱ्या जिन्यावर गाद्या आणि पाण्याचे कॅन रचून ठेवले आहेत का, खोलीची खिडकी उघडते का, आणि उघडली तर ती रस्त्याकडे उघडते की डक्टमध्ये, म्हणजे नळांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत. मुंबईतील स्वस्त खोल्यांपैकी बऱ्याच खोल्यांना खिडकीच नसते आणि छायाचित्रात तिच्या जागी पडदा दिसतो. म्हणून फोन करून ‘खिडकी बाहेर उघडते का’ हे स्पष्ट विचारणे केव्हाही चांगले.

ढेकूण हा या विषयातील सर्वांत भावनिक मुद्दा आहे. ढेकूण अस्वच्छतेतून निर्माण होतात आणि म्हणून केवळ स्वस्त लॉजमध्येच असतात, असे सर्रास मानले जाते. ढेकूण रक्तावर जगतो, घाणीवर नव्हे, आणि तो प्रवाशांच्या सामानातून, कपड्यांतून एका जागेहून दुसऱ्या जागी जातो; त्यामुळे जेथे रोज नवी माणसे येतात अशी कोणतीही जागा, मग ती पंचतारांकित का असेना, त्याच्यापासून पूर्णपणे सुरक्षित नसते. फरक पडतो तो व्यवस्थापन किती लवकर लक्ष देते यामुळे. तपासणीला पाच मिनिटे पुरतात. चादर कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण मोबाइलच्या उजेडात पाहावी, पलंगाच्या उशाकडील लाकडाचे सांधे आणि बंकच्या फळ्यांखालची बाजू पाहावी. पेनाच्या टोकाने उमटवल्यासारखे काळपट ठिपके, कात टाकलेली पारदर्शक तपकिरी टरफले किंवा चादरीवर रक्ताचे बारीक डाग दिसले, तर खोली बदलून मागावी, आणि तीही शेजारची नव्हे, कारण ढेकूण भिंतीतील फटींतून पलीकडे जातात. तपासणी होईपर्यंत बॅग पलंगावर ठेवू नये.

मुंबईत स्वस्त मुक्काम शोधताना सर्वाधिक चुका ठिकाणाच्या निवडीत होतात. मध्यवर्ती भागातच राहावे, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. पण मुंबई ही उत्तर-दक्षिण ताणलेली नगरी असून तिला एक मध्य नाही. येथे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा कोणत्या रेल्वेमार्गावर राहावयाचे आणि वाटेत किती वेळा गाडी बदलावी लागते, यावरून मोजले पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात सकाळी व्हिसाच्या मुलाखतीस जाणाऱ्या सांगलीच्या विद्यार्थ्याने कुलाब्यात उतरणे हौसेचे असू शकते, सोयीचे नाही. अंधेरीजवळचे मरोळ हे नाव ऐकून जुना मुंबईकर ‘फार लांब’ म्हणेल. परंतु आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मरोळ नाक्याहून वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सीएसएमटी आणि चर्चगेट येथे गाडी न बदलता जाता येते, आणि त्याच स्थानकावर वर्सोवा-घाटकोपर मेट्रोही मिळते. विमानतळालगतच्या या पट्ट्यात हॉस्टेले आणि छोटी हॉटेले मुबलक असल्यामुळे दक्षिण मुंबईतच राहण्याचा आग्रह आता बराच निराधार झाला आहे.

नावांमुळे होणारी फसगतही लक्षात घेतली पाहिजे. कोकण रेल्वेने लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्या प्रवाशाला कुर्ला स्थानकासमोरचे लॉज जवळचे वाटते. पण त्या टर्मिनसला सर्वांत जवळचे उपनगरी स्थानक हार्बर मार्गावरचे टिळकनगर आहे. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे हे लोकलचे स्थानकही वेगवेगळे आहेत. ‘विमानतळाजवळ’ या शब्दांचा अर्थ तर २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून विचारूनच घ्यावा लागतो. लोकल साधारणपणे रात्री एक ते पहाटे चार या वेळेत बंद असते, त्यामुळे पहाटेची गाडी किंवा विमान पकडणाऱ्याने दूरच्या स्वस्त खोलीच्या दरात टॅक्सीचे भाडे मिळवूनच तुलना करावी. चेक-आऊटची वेळही अशीच पैशांत मोजावी : काही लॉज ‘२४ तास चेक-आऊट’ देतात, म्हणजे खोली ज्या वेळी घेतली त्या वेळेपासून पूर्ण दिवस मोजतात, तर इतरत्र ठरावीक वेळेला, बहुधा सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान, खोली सोडावी लागते; त्यामुळे पहाटे पाचला पोहोचणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीत दोन दिवसांचे भाडे पडू शकते.

ॲपवरचा दर हाच सर्वांत कमी असतो, हा समज जाहिरातींनी घडवला आहे. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून सुमारे ३९२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा मेकमायट्रिप-गोआयबिबोने हॉटेलांवर लादलेली दर-समानतेची अट, म्हणजे इतर मंचांवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर कमी दर न देण्याचे बंधन, हा त्या आदेशातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. ग्राहकाने त्यातून घ्यायचा बोध साधा आहे : ॲपवर जागा शोधावी, छायाचित्रे व अभिप्राय पाहावेत आणि मग हॉटेलात थेट फोन करून दर विचारावा. ‘शेवटची एकच खोली शिल्लक’ अशी सूचना पाहून घाई करण्याचे कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या तेरा फसव्या रचना निषिद्ध ठरवल्या, त्यांत खोटी निकड निर्माण करणे आणि सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटच्या पानावर रक्कम वाढवणे या दोन्हींचा समावेश आहे.

करांबाबतची जुनी माहिती अजून फिरते. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी लागत नाही, ही सवलत १८ जुलै २०२२ पासून संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, असा छोटा लॉजचालक मात्र हा कर घेऊच शकत नाही. तीच खोली ॲपवरून घेतल्यास कर भरण्याची जबाबदारी ॲपचालक कंपनीवर येते आणि तो बिलात दिसतो. थेट फोन करण्यामागे हेही एक कारण आहे.

कायद्याच्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या अटींपैकी कित्येक कायद्यात नाहीत. अविवाहित प्रौढ स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहणे हा गुन्हा आहे, असे आजही काउंटरवरून ऐकवले जाते. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, कोइम्बतूर येथील सील केलेल्या निवासगृहाच्या प्रकरणात, तसा कोणताही कायदा नसल्याचे स्पष्ट केले. मुंबईचाच पत्ता असलेल्या माणसाला खोली नाकारणे हाही हॉटेलांचा स्वतःचा नियम असतो. असे नियम हॉटेले करतात हे खरे, म्हणून नोंदणीपूर्वीच विचारणे शहाणपणाचे. पण धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ला धरून नाही. ओळखपत्र दाखवावे लागते, परंतु ते आधारच असले पाहिजे असे नाही. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो, आणि आधारच द्यायचे झाल्यास शेवटचे चार अंक वगळता क्रमांक झाकलेली प्रत ‘आधार’च्या संकेतस्थळावरून काढता येते. परदेशी पासपोर्ट असलेला मराठी पाहुणा सोबत असेल, तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी निवासचालकावर असते, आणि तो व्याप नको म्हणून काही लॉज अशा पाहुण्यांना टाळतात; हेही आधीच विचारलेले बरे.

तारांकनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पर्यटन मंत्रालयाचे तारांकन ऐच्छिक असते आणि ॲपवरचे तारे हे बहुधा ग्राहकांचे गुण असतात, त्यामुळे तारा नसलेले लॉज कमी दर्जाचे ठरत नाही. अभिप्राय वाचताना सरासरीपेक्षा गेल्या तीन महिन्यांतील मधल्या गुणांचे अभिप्राय वाचावेत, कारण पाणी कधी जाते आणि रात्री आवाज कसला येतो हे त्यांतच लिहिलेले सापडते.

रेल्वेच्या आवारातच राहता येते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. विश्रामकक्ष, म्हणजे रिटायरिंग रूम, आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून मिळतात. त्यासाठी निश्चित किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. मुंबई सेंट्रल येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ पॉडचे हॉटेल सुरू झाले. पॉड म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरती बंदिस्त, वातानुकूलित कुपी. १९७९ मध्ये ओसाका येथे किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने आखलेल्या पहिल्या कॅप्सूल हॉटेलातून ही कल्पना जगभर गेली. मुंबई सेंट्रलच्या पॉडमध्ये सुरुवातीपासून महिलांसाठी राखीव विभाग आणि बारा तासांचा दर आहे, जो रात्रीची गाडी सकाळच्या कामाला जोडणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. उपचारांसाठी आलेल्यांनी मात्र लॉजचा शोध घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे जावे. टाटा स्मारक रुग्णालयातील असा विभाग रुग्णांना निवासाबाबत मार्गदर्शन करतो. दादर येथील गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था बाहेरगावच्या रुग्णांची व त्यांच्यासोबतच्या माणसांची अत्यल्प दरात सोय करतात. जागा मर्यादित आणि मागणी मोठी असल्यामुळे रुग्णालयाची कागदपत्रे व ओळखपत्राच्या प्रती पहिल्याच भेटीत सोबत न्याव्यात.