जिन्यांतला तिसरा खटका

घरांतील एकच दिवा दोन ठिकाणांहून लावतां व मालवतां येतो, ही गोष्ट आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. खालच्या पायरीजवळ खटका दाबावा, वर पोंचल्यावर तेथील खटक्यानें दिवा मालवावा. लहान मुलेंही हें सहज करतात. परंतु घर तीन मजली असलें, कीं मधल्या मजल्यावरच्या माणसाची अडचण होते. त्याला दिवा हवा असेल तर आधीं एक जिना अंधारांत चांचपडावा लागतो. अशा वेळीं मूळची जोडणी न मोडतां तिसरा खटका कसा घालतात, तें आज सांगावयाचें आहे.

आमच्या शहराला 2024 सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें; जुन्या पेठांतील वाड्यांचे जिने मात्र होते तसेच आहेत. भिंतीच्या जाडींतून काढलेला, एका वेळीं एकच माणूस जाईल एवढा, उंच पायऱ्यांचा आणि खिडकीवांचूनचा जिना ज्यानें पाहिला आहे, त्यास भर दुपारींही तेथें दिवा कां लागतो हें सांगावयास नको. अशाच एका वाड्यांत मधल्या मजल्यावर राहणाऱ्या एक वृद्ध बाई पहांटे उतरतांना पडल्या व मांडीचें हाड मोडून अंथरुणास खिळल्या. जिन्यांत दिवा होता, त्याला खटकेही दोन होते. दोन्ही त्यांच्या हातापासून दूर.

साध्या खटक्यास दोन स्क्रू असतात व तो केवळ वाट उघडतो किंवा बंद करतो. जिन्याच्या खटक्यास, ज्याला वायरमन टू-वे म्हणतात, तीन स्क्रू असतात. (सरकारी शिक्षणसंस्थांत वायरमनला तारतंत्री म्हणतात, पण त्या नांवानें हांक मारली तर तो वळून पाहील कीं नाहीं, शंकाच आहे.) हा खटका म्हणजे रेल्वेचा सांधा समजा. एका रुळावरून आलेली गाडी सांधेवाला दोहोंपैकीं एका रुळावर वळवितो, त्याप्रमाणें मधल्या स्क्रूवर आलेला प्रवाह हा खटका दोहोंपैकीं एका तारेवर वळवितो. खालच्या खटक्यापासून वरच्या खटक्यापर्यंत अशा दोन तारा जातात. आपण त्यांना जोडतारा म्हणूं. फेज खालच्या खटक्याच्या मधल्या स्क्रूवर येते, वरच्याच्या मधल्या स्क्रूपासून दिव्याकडे जाते, आणि दिव्याची दुसरी बाजू न्यूट्रलला मिळते. दोन्ही सांधे एकाच जोडतारेवर वळलेले असले तर दिवा लागतो, निरनिराळ्या तारांवर असले तर मालवतो. म्हणून कोणताही एक खटका हलविला, कीं स्थिति उलटते.

आतां तिसरा. पुष्कळ गृहस्थ दुकानांतून आणखी एक टू-वे घेऊन येतात. त्याचा येथें उपयोग नाहीं. दिव्याच्या तारेंत साधा खटका घातला तर तो बंद असतांना बाकीचे दोन्ही निरुपयोगी होतात. येथें हवा तो इंटरमीडिएट, चार स्क्रूंचा. मधल्या मजल्याजवळ दोन्ही जोडतारा तोडावयाच्या. खालून आलेलीं दोन टोकें एका जोडीस, वर जाणारीं दोन टोकें दुसऱ्या जोडीस. फेजची व दिव्याची तार यांस हातही लावावयाचा नाहीं. खटका एका बाजूस असतांना दोन्ही तारा सरळ जातात, दुसऱ्या बाजूस केला कीं त्यांची अदलाबदल होते. हा खटका वाट कधींच बंद करीत नाहीं, रुळांची फक्त फुली करतो. आणि तेवढ्यानेंच लागलेला दिवा मालवतो व मालवलेला लागतो. गणितांतील सम-विषमाचा हा खेळ आहे. म्हणूनच टोकांना दोन टू-वे ठेवून मध्यें असे खटके हवे तितके घालतां येतात; पांच ठिकाणांहून दिवा हवा असेल तर मधले तीन.

चार स्क्रूंच्या जोड्या सर्व बनावटींत सारख्या नसतात. कोणांत वरखालीं, कोणांत तिरप्या. मागें छापलेली आकृति पाहावी. जोड्यांची सरमिसळ झाली तर मधला खटका एका बाजूस असतांना सर्व ठीक चालतें, दुसऱ्या बाजूस केला कीं दिवा कशानेंही लागत नाहीं. ही खूण लक्षांत ठेवावी.

पण याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. कांहीं जुन्या घरांत तार वांचविण्यासाठीं प्रत्येक टू-वेला जवळचीच फेज व जवळचीच न्यूट्रल देऊन दिवा दोन खटक्यांच्या मध्यें टांगलेला असतो. एकीकडून फेज व दुसरीकडून न्यूट्रल आली तर दिवा लागतो. दोन्हीकडून न्यूट्रल आली तर मालवतो. आणि दोन्हीकडून फेज आली तरीही मालवतो! दिवा विझलेला, पण होल्डरचीं दोन्ही टोकें 230 व्होल्टवर. विश्वासानें बल्ब बदलणाऱ्याचा हात तेथें जातो. अशा घरांत जोडतारा नसतातच. जिन्यानें चढणाऱ्या फेज व न्यूट्रल यांनाच कोणी जोडतारा समजून मध्यें खटका बसविला, तर त्या दोन्ही एकाच डबींत शेजारीं येऊन बसतात. दिवा लागतोही, म्हणून चूक कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. यास्तव कामास आरंभ करण्यापूर्वीं वायरमनकडून टेस्टरनें होल्डर तपासून घ्यावा. दोन खटक्यांच्या चारी स्थितींत होल्डरचें निदान एक टोक कधींच पेटतां कामा नये. दोन्ही पेटलीं तर आधीं जुनी जोडणी काढून नवी करावी, तिसऱ्या खटक्याची गोष्ट नंतर.

बिघडलेला खटका बदलणें निराळें व नवा वाढविणें निराळें. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणें अशी वाढ परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावयाची असते. मुख्य फळीवर 30 मिलिअँपियरचें गळतीरक्षक यंत्र, ज्याला बाजारांत आरसीसीबी म्हणतात, तेंही याच खेपेस बसवून घ्यावें. मात्र एकाच वेळीं फेज व न्यूट्रल या दोहोंस स्पर्श करणाऱ्यास तें वांचवूं शकत नाहीं.

खटक्याची जागा उंबऱ्याच्या आंतल्या बाजूस, पहिल्या पायरीवर पाऊल पडण्यापूर्वीं हात पोंचेल अशी असावी. घरांत एलईडी दिवा असेल तर काम झाल्यावर मालवलेला दिवाही रात्रीं मंद मिणमिणतांना दिसण्याचा संभव आहे. लांबवर शेजारीं शेजारीं धांवणाऱ्या जोडतारांपैकीं एकींतून दुसरींत किंचित् विद्युत् उतरते, तिचा तो परिणाम. दुसऱ्या बनावटीचा दिवा लावून पाहावा. तेवढ्यानें न भागलें तर वायरमन दिव्याशीं समांतर एक लहानसा कपॅसिटर जोडून देतो.