आरोपपत्र दाखल झाले, खैरलांजीचे प्रश्न तसेच राहिले

एखाद्या खुनाच्या प्रकरणात 'आरोपपत्र दाखल' अशी बातमी आली की मोर्चे थांबतात, निवेदने थांबतात. आता कोर्ट बघेल, असे आपण धरून चालतो. अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबत काम करताना आम्हाला हे वारंवार दिसते. पण कोर्टाला काय बघता येणार, हे बरेचसे त्या आरोपपत्रात काय लिहिले आहे आणि काय गाळले आहे यावर ठरते. खैरलांजीकडे या नजरेने पुन्हा बघायला हवे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार केले आणि मृतदेह कालव्यात टाकले. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले. समाज रस्त्यावर उतरला, तपास सीबीआयकडे गेला आणि डिसेंबर २००६ मध्ये ११ जणांवर आरोपपत्र दाखल झाले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची जन्मठेप केली.

शिक्षा झाली, मग प्रश्न कसले?

पहिला प्रश्न जातीचा. ॲट्रॉसिटी कायद्याखाली कोणीही दोषी ठरले नाही. घटनेआधी एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती आणि मायलेकींनी हल्लेखोरांना ओळखले होते. त्या साक्षीचा हा सूड, अशी मांडणी न्यायालयाने मान्य केली. आमच्या मते सूड आणि जात ही दोन वेगळी कारणे नव्हतीच. गावातली एक बौद्ध बाई शेतीसाठी भांडते, मुलांना शिकवते आणि वर पोलिसांसमोर नावे सांगते, याचा राग एवढ्या टोकाला जातो तो कशामुळे? समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हा प्रश्न विचारेल. पण कोर्टाला पुरावा लागतो. जातिवाचक शिव्या कोणी ऐकल्या, जमिनीच्या आणि रस्त्याच्या जुन्या वादात कोण काय बोलले, हे जबाबांत वेळीच आणि नीट यायला हवे.

दुसरा प्रश्न मायलेकींवर झालेल्या अत्याचाराचा. आरोपपत्रात बलात्काराचे कलमच नव्हते. पहिल्या शवविच्छेदनात त्रुटी राहिल्या, पुरलेला मृतदेह बाहेर काढून पुन्हा तपासणी झाली, तोवर दिवस निघून गेले होते. पहिल्या काही दिवसांत जे गेले ते पुढे कोणत्याच वकिलाला परत आणता आले नाही.

जमावात आणखी कोण होते, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे काय, हे प्रश्नही आहेतच. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ नेमके अशा कसुरीसाठी आहे, ते वापरले जाताना मात्र क्वचितच दिसते.

त्यानंतर कायदा बदलला. जन्मठेपेची तरतूद असलेल्या कलम ३(२)(v) मध्ये पूर्वी गुन्हा जातीच्या 'कारणावरून' झाला हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला 'माहीत असणे' पुरते. आरोपी कुटुंबाला ओळखत असेल तर ती माहिती होती असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध करणे आरोपीवर. त्यामुळे आज कलम लागले आहे का एवढेच बघून थांबू नये. पीडिताचे जात प्रमाणपत्र जोडले आहे का, आरोपी-पीडित ओळखीचा जबाब आहे का, तपास अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा होता का, हेही तपासावे. अनेक खटले इथेच पडतात.

एक घोळ कायम होतो. आरोपपत्र पोलीस दाखल करतात, आरोप निश्चित न्यायालय करते. या दोहोंमधला काळ कुटुंबासाठी मोलाचा. कलम १५-अ नुसार पीडितांना सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि जामीन, दोषमुक्ती, शिक्षा यांवर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. संस्था, समाजकार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्कही त्याच कलमात आहे, म्हणजे पोलीस ठाण्यात 'तुम्ही कोण?' असे विचारले तर उत्तर कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आरोपपत्राची मोफत प्रत पीडितालाही मिळते, पण वकिलामार्फत. म्हणून वकीलपत्र आधी दाखल करावे.

प्रत हातात आल्यावर ती कुटुंबासोबत बसून, पान पान वाचावी. साक्षीदार सुटला असेल, कलम राहिले असेल तर सरकारी वकिलांना लेखी कळवावे आणि न्यायालयाकडे पुढील तपासाची मागणी करावी. खटला सुरू झाल्यावरही न्यायालयाच्या परवानगीने असा तपास होऊ शकतो. निकालापूर्वी आरोपांत बदल करता येतो, साक्षीतून पुढे आलेल्या नव्या व्यक्तीलाही आरोपी करता येते. प्रत्येक अर्जाची शिक्का आणि तारीख असलेली पोच कुटुंबाकडे राहू द्यावी, कार्यकर्त्याच्या पिशवीत नको.