अहमदनगर किल्ल्यातील लष्करी बराक व तिच्याखालील वास्तू

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात इंग्रजी अमदानीतील एक साधी बराक आहे. मध्ये चौकोनी अंगण आणि भोवताली खोल्यांच्या रांगा, एवढीच तिची रचना. वास्तुशिल्पाच्या अभ्यासकाने तिच्यापाशी थांबावे असे दर्शनी काही नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना सरकारने येथे स्थानबद्ध केले. नेहरू, आझाद, पटेल, नरेंद्र देव, शंकरराव देव हे त्यांपैकी होत. (सन १७९८ मध्ये नाना फडणविसासही याच तटाआड बंदिवास घडला होता.) मार्च १९४५ पर्यंत हे नेते येथे होते.

या काळात नेहरूंनी अंगणात बाग करण्यासाठी कुदळ हाती घेतली. जमीन खडकाळ व राडारोड्याने भरलेली होती. खणता खणता जुन्या भिंतींचे भाग, घुमटांचे माथे आणि भिंतीवर कोरलेले एक दगडी कमळ दृष्टीस पडले. खोल खणण्यास अधिकाऱ्यांची संमती नव्हती. हा वृत्तान्त नेहरूंनी १९४४ मध्ये येथेच लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाच्या आरंभी दिला आहे. वाचक तो बहुधा रूपक म्हणून वाचून पुढे जातात. वस्तुतः तो किल्ल्याच्या अंतर्भागाविषयीचा प्रत्यक्ष पुरावा होय.

किल्ल्याची दगडी तटबंदी हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीतील (१५५३-१५६५). १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांचा वेढा येथेच परतविला; १६०० मध्ये किल्ला मोगलांकडे, १७५९ मध्ये पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे आणि ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीकडे गेला. एवढ्या हस्तांतरांत आतील इमारती पडल्या व त्यांच्या अवशेषांवर नवी जमीन तयार झाली, असा तर्क सहज सुचतो. परंतु घुमटाचा माथा जमिनीखाली सापडला, एवढ्यावरून तो राडारोड्यात गाडला गेला असे ठरत नाही. मुळातच तळघर किंवा पाण्याचे टाके असेल तर त्याचा माथा जमिनीखालीच असणार. दोहोंतील निर्णय घुमटाच्या पायाची पातळी पाहिल्यावाचून करता येत नाही, आणि कैद्याची कुदळ तिथवर पोहोचली नाही.

कमळावरूनही घाईने अनुमान काढू नये. ते हिंदू वास्तूचे चिन्ह मानण्याचा मोह होतो. दख्खनच्या सुलतानी इमारतींत कमानीच्या दोन्ही अंगांस कमळे कोरण्याची पद्धत सर्रास होती. तेव्हा हे कमळ निजामशाही महालाच्या एखाद्या दरवाजावरील असणे अधिक संभवते.